बन्नीची पाने, मटकीची उसळ आणि वाळवंटाचा हिशेब

दसऱ्याच्या संध्याकाळी बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-चिकोडीकडच्या गावांत सीमोल्लंघन झाले की मराठी घरांतून आपट्याची पाने वाटली जातात आणि कन्नड शेजारी ‘बन्नी तगोंडु बंगारदंग इरोणु’ (बन्नी घेऊन सोन्यासारखे राहू) म्हणत शमीची बारीक पाने हातावर ठेवतात. आमच्या भागात बहुतेकांच्या खिशात त्या रात्री दोन्ही पाने असतात. यातल्या बन्नीचे, म्हणजे शमीचे, राजस्थानातले नाव खेजडी. थरच्या वाळवंटातला शेतकरी जिच्या आधाराने बाजरी पिकवतो, जिच्या शेंगांची भाजी करतो आणि जिच्या पाल्यावर शेळ्या जगवतो तीच ही. राजस्थानचा तो राज्यवृक्ष आहे. जोधपूरजवळच्या खेजडली गावी १७३० मध्ये ही झाडे तोडू न देण्यासाठी बिश्नोई समाजातील ३६३ माणसांनी प्राण दिले, असे तेथील परंपरा सांगते. आपण मात्र वर्षातून एकदा तिची पाने ओरबाडतो आणि उरलेले वर्षभर तिच्याकडे काटेरी झाड म्हणून पाहतो.

जगभरच्या शेतीशास्त्रज्ञांना वाळवंटाविषयी अलीकडे इतके कुतूहल का वाटू लागले आहे, हे समजून घ्यायला हे झाड सोयीचे आहे. वाळवंटातील संपत्ती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तेल, खनिजे किंवा सौरऊर्जा येते. शेतीच्या दृष्टीने तेथील संपत्ती वेगळी आहे. अत्यंत कमी पाण्यात, कडक उन्हात आणि खारट मातीत हजारो वर्षे टिकलेल्या वनस्पती, त्यांच्या मुळांशी राहणारे सूक्ष्मजीव आणि त्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेल्या माणसांच्या पाणी अडवण्याच्या रीती, हे तिचे भांडवल. जोधपूरची ‘काझरी’, म्हणजे केंद्रीय शुष्क क्षेत्र अनुसंधान संस्था, हेच भांडवल तपासत आली आहे. १९५२ मध्ये वाळवंटात झाडे लावण्याचे संशोधन केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली आणि १९५९ मध्ये तिला आजचे रूप मिळाले.

बेळगावच्या माणसाला याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. खानापूरच्या घाटमाथ्यावर, कणकुंबीच्या बाजूला, पाऊस काही हजार मिलिमीटरमध्ये मोजावा लागतो; तेथील माणसाला हा लेख थट्टा वाटेल. पण त्याच जिल्ह्यात पूर्वेकडे सरकत अथणीला पोहोचेपर्यंत तो साडेपाचशे-सहाशेच्या आसपास येतो, आणि पुढे विजापूरकडेही चित्र फारसे बदलत नाही. जोधपूरला साडेतीनशेच्या वर थोडा आणि जैसलमेरला दोनशेच्याही आत पाऊस पडतो, हे लक्षात घेतले तर अथणी वाळवंट नव्हे हे खरे. पण दोन पावसांच्या मधला महिना-दीड महिन्याचा खंड, बिनपाण्याची मड्डी (माळरान) आणि करपून गेलेला खरीप हे अनुभव दोन्हीकडे सारखेच आहेत.

खेजडीकडे पुन्हा येऊ. शेताच्या मधोमध झाड असले की त्याच्या सावलीने पीक मारले जाते, हा आपला सर्वसाधारण अनुभव. बांधावरच्या निलगिरीने तो अधिकच पक्का केला आहे. खेजडीखाली मात्र बाजरी बिघडत नाही, आणि बरेचदा उघड्या रानापेक्षा बरी येते. याची कारणे संशोधकांनी एकेक करून उलगडली. तिचे सोटमूळ वीस-तीस मीटरपर्यंत खाली जाते, त्यामुळे बाजरीच्या मुळांना लागणाऱ्या वरच्या थरातील ओलाव्यावर तिचा भार फारसा पडत नाही. ती शेंगवर्गीय आहे, म्हणून हवेतील नत्र जमिनीत आणते. पाने इतकी बारीक की सावली चाळणीतून पडल्यासारखी विरळ असते. झडलेला पाला आणि सावलीला बसणाऱ्या जनावरांचे शेण यांमुळे बुंध्याभोवतीच्या मातीत सेंद्रिय द्रव्य वाढते. शिवाय शेतकरी हिवाळ्यात तिच्या फांद्या छाटून पाला जनावरांसाठी वाळवतो. या पाल्याला तिकडे ‘लूंग’ आणि शेंगांना ‘सांगरी’ म्हणतात. म्हणजे एकाच जमिनीत दोन पिके दोन मजल्यांवर राहतात आणि दोघांचे पाणी वेगवेगळ्या विहिरींतून येते, असे म्हणायला हरकत नाही.

कोरड्या मुलखातील प्रत्येक झाड मात्र हाच मार्ग धरत नाही. बोर घ्या. ऐन उन्हाळ्यात ती पाने गाळून बसते. ज्या काळात पाणी मिळणारच नाही त्या काळात ते मागायचेच नाही, असा तिचा खाक्या. मटकीचा मार्ग तिसरा. मिसळीची आणि सकाळच्या उसळीची म्हणून आपण मटकी इतकी आपली मानली आहे, की देशातली बहुतांश मटकी राजस्थानच्या पश्चिम भागातील रेताड रानांत पिकते हे सांगितले तर अनेकांना पटत नाही. तिच्या लवकर येणाऱ्या जाती साठ-सत्तर दिवसांत पीक देऊन मोकळ्या होतात, म्हणजे पाऊस संपण्याच्या आत तिचा संसार आटोपलेला असतो. ती जमिनीलगत पसरते, त्यामुळे तिच्या वेलांची चटई होऊन माती तापत नाही, ओल लवकर उडत नाही आणि वाऱ्याने वाळूही उडत नाही. रात्री भिजत घातलेल्या मटकीला फडक्यात बांधून मोड आणण्यासाठी वाटीभर पाणी पुरते, हे स्वयंपाकघरात रोज दिसते; शेतातही तिची वृत्ती तशीच आहे. मुळांनी खोल जाणे, झोपून जाणे आणि लवकर पळून जाणे अशा या तीन तऱ्हा आहेत. नवी जात घडवणाऱ्या शास्त्रज्ञाला आपल्या भागासाठी यांतली कोणती हवी, हे आधी ठरवावे लागते. पाऊस लवकर संपत असेल तर पळणारे पीक हवे. पाऊस मध्येच दडी मारून पुन्हा येत असेल तर पळणाऱ्या पिकाचा उपयोग नाही, तिथे तग धरणारेच लागते.

बाजरीच्या बाबतीत हे काम सर्वांत पुढे गेले आहे. बाजरीचे मूळ घर आफ्रिकेतील सहाराच्या दक्षिण काठावरचा कोरडा पट्टा. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी तेथील माणसांनी तिला रानटी गवतातून शेतात आणले. तिच्या काही वाणांमध्ये फुलोऱ्याच्या वेळी पारा ४२ अंशांच्या वर गेला तरी दाणा भरतो. त्या तापमानात गव्हाचे किंवा मक्याचे परागकण निकामी होतात. २०१७ मध्ये बाजरीचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. सुमारे ३८ हजार जनुकांच्या त्या यादीत पानावरील मेणाचा थर तयार करणाऱ्या जनुकांची संख्या नेहमीपेक्षा जास्त आढळली. मेणाचा थर म्हणजे पानाला दिलेले वॉटरप्रूफिंग, फक्त इथे पाणी आत येऊ नये म्हणून नव्हे तर बाहेर जाऊ नये म्हणून.

अशा आराखड्याचा शेतकऱ्याला उपयोग काय, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण त्याच्या आधीचे आहे. हरियाणात ‘एचएचबी ६७’ नावाचा बाजरीचा संकरित वाण १९९० च्या दशकात लोकप्रिय होता, कारण तो साठ-पासष्ट दिवसांत येई. पुढे त्याच्यावर गोसावी रोग, ज्याला केवडाही म्हणतात, पडू लागला. कणसाच्या जागी दाण्यांऐवजी पानांचा झुबका येणारा हा रोग बाजरी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. जुन्या पद्धतीने रोगप्रतिकारक गुण त्या वाणात आणायचा तर संकर करून, रोप वाढवून, त्यावर रोग येतो की नाही हे पाहत अनेक हंगाम घालवावे लागले असते. त्याऐवजी हिसारचे कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची ‘इक्रिसॅट’ ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी प्रतिकारक गुणाशेजारी गुणसूत्रावर असलेल्या खुणा ओळखल्या आणि कोवळ्या रोपाच्या पानाचा तुकडा तपासून गुण आला आहे की नाही हे ठरवले. यात दुसऱ्या प्राण्याचे वा वनस्पतीचे जनुक घुसवलेले नव्हते. बाजरीचाच गुण बाजरीत आणला होता, फक्त निवड अंदाजाने न करता खुणेने केली. २००५ मध्ये हा सुधारित वाण शेतकऱ्यांपर्यंत आला. लोक ‘जनुकीय तंत्रज्ञान’ या एका शब्दाखाली सगळे एकाच पोत्यात भरतात, म्हणून हा फरक मुद्दाम सांगितला.

आपल्या शाळूचे, म्हणजे रब्बी जोंधळ्याचे, थोडे असेच आहे. पावसाळा संपल्यावर पेरलेला शाळू काळ्या रानातील साठवलेल्या ओलीवरच शेवटपर्यंत जातो. काही वाणांची पाने दाणा भरताना इतरांच्या आधी वाळत नाहीत. या हिरवेपणाच्या गुणाचा मोठा स्रोत इथिओपियातून आलेल्या जोंधळ्यात सापडला. पाने हिरवी राहतात म्हणजे झाड जास्त पाणी खेचत असणार, असे वाटते. ऑस्ट्रेलियातील अभ्यासात त्याच्या जवळजवळ उलट दिसले. हे वाण फुटवे कमी काढतात, सुरुवातीला पानांचा पसारा मर्यादित ठेवतात, आणि वाचवलेली ओल फुलोऱ्यानंतर वापरतात. पगार झाल्या आठवड्यात उधळणारा आणि महिनाअखेरीसाठी राखून ठेवणारा, एवढाच हा फरक.

आता पाण्याकडे येतो, कारण आमच्या भागाला सर्वांत जवळचा धडा इथे आहे. इस्राएलच्या नेगेव वाळवंटात वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तरीही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तेथे नबातियन या प्राचीन अरब लोकांनी आणि त्यांच्यानंतरच्यांनी शेती केली होती. मायकेल एव्हेनारी या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांतील काही शेते जुन्या बांधांसह पुन्हा उभी केली आणि ती चालतात हे दाखवले. गणित साधे आहे. एका एकराच्या शेताला वरच्या वीस एकर उघड्या टेकडीचे पाणी मिळते असे धरा. त्या टेकडीवर पडलेल्या शंभर मिलिमीटरपैकी केवळ पंधरा टक्के पाणी वाहून खाली आले तरी ते एका एकरावर तीनशे मिलिमीटर होते. शेतावर थेट पडलेले शंभर धरून चारशे. म्हणजे वाळवंटात बसल्या जागी जोधपूरपेक्षा जास्त पाऊस. एव्हेनारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आणखी एक गोष्ट आढळली. एका मोठ्या पाणलोटापेक्षा तेवढ्याच क्षेत्राचे छोटे छोटे पाणलोट अधिक पाणी देतात, कारण पाण्याला लांब वाहावे लागले की वाटेतच ते मुरते. जैसलमेरच्या पालीवाल ब्राह्मणांची पंधराव्या शतकापासून चालत आलेली ‘खडीन’ हीच रीत आहे. खडकाळ उतारावरून येणारे पाणी खाली मातीच्या लांब बांधाने अडवायचे, ते मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा.

हे वाचून विजापूरच्या शेतकऱ्याला काही नवीन वाटणार नाही. १९३० च्या दशकात सोलापूर आणि विजापूर येथे कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रे निघाली, आणि तेव्हापासून काळ्या रानात कप्पेबंदिस्तीचा, म्हणजे शेताचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येकात पाऊस अडवण्याचा, पुरस्कार होत आला आहे. एका एकरावर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी. चाळीस मिलिमीटरची एक सर म्हणजे एक लाख साठ हजार लिटर. उतार उघडा असेल तर यातला मोठा भाग ओढ्याला जातो, आणि सोबत मातीही नेतो. मीटरभर खोल काळ्या मातीत पिकाला वापरता येईल असे दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी मावते. ती टाकी सप्टेंबरपर्यंत भरली तर शाळूला पाणी न देता चालते. माझ्या मते बेळगावच्या पूर्व भागासाठी संशोधनाच्या या साऱ्या पसाऱ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. दुर्लक्षित अशासाठी की कप्पे पाडण्यात विकण्यासारखे काही नाही.

विकण्यासारखे आहे ते सूक्ष्मजीवांचे क्षेत्र. सौदी अरेबियातील राजा अब्दुल्ला विद्यापीठाच्या संशोधकांनी वाळवंटातील वनस्पतींच्या मुळांत राहणारे जिवाणू गोळा करून त्यांची पिकांवर चाचणी घेतली. निळीच्या कुळातील एका रानझुडपाच्या मुळात सापडलेल्या जिवाणूने खारट परिस्थितीत लसूणघासाची वाढ सुधारली. हा जिवाणू जो पदार्थ सोडतो त्यापासून रोप इथिलीन वायू तयार करते, आणि तो रोपाला धोक्याची वर्दी ठरून त्याची तयारी आधीच सुरू होते. संशोधन पक्के आहे. पण त्यावरून आपल्याकडच्या दुकानात उन्हात ठेवलेल्या कोणत्याही जिवाणूच्या बाटलीवर विश्वास टाकणे वेगळे. आत काय आहे आणि त्यातले जिवंत किती, हे शेतकऱ्याला कळायला मार्ग नसतो.

वाळवंटातून काहीतरी उचलून दुसरीकडे लावले की भले होतेच, या समजुतीला वेडी बाभूळ पुरेशी आहे. हिला उत्तर कर्नाटकात ‘बळ्ळारी जाली’ म्हणतात. अमेरिका खंडातील कोरड्या प्रदेशांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती भारतात आली. सरपण देते, कशातही जगते, म्हणून तिचे कौतुक झाले. कच्छमधील बन्नी नावाच्या गवताळ प्रदेशात (आपल्या बन्नीशी त्याचा संबंध नाही, नावाचा योगायोग आहे) १९६० च्या दशकात खारटपणा पसरू नये म्हणून ती लावण्यात आली. शेळ्या-मेंढ्यांनी शेंगा खाल्ल्या, लेंड्यांतून बी सर्वत्र गेले आणि मालधारी या पशुपालक लोकांच्या म्हशी ज्या गवतावर जगत त्याचीच जागा तिने घेतली. गंमत अशी, की वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ती आपल्या शमीची जवळची नातेवाईक आहे. शमी हजारो वर्षे त्या माणसांच्या, जनावरांच्या आणि कुऱ्हाडीच्या सोबत राहिली होती. हिला अशी कसलीही सोबत नव्हती.

शेवटचा विषय मिठाचा, आणि तो माझ्या घरचा आहे. माझे आजोळ कृष्णाकाठी, अथणी आणि कुडची यांच्या मधल्या पट्ट्यात. मामांच्या खालच्या रानात ऊस होता. मार्च-एप्रिलमध्ये सरीच्या वरंब्यावर पिठी पसरल्यासारखा पांढरा थर यायचा. बोटाला लावून जिभेवर ठेवला तर खारट-कडवट लागायचा. आधी उसाची उगवण विरळ झाली, मग मध्येच टकले पडले, आणि शेवटी त्यात लव्हाळ्याखेरीज काही येईना. मामा म्हणायचे, “पाणी न्हाई म्हणून रान मेल्यालं बघितलंय. पाण्यानं मेल्यालं ह्येच पयलं.”

वाळवंटातील शेतीच्या अभ्यासकाला हे वाक्य मुळीच विचित्र वाटणार नाही. राजस्थानात इंदिरा गांधी कालव्याचे काम १९५८ मध्ये सुरू झाले आणि वाळवंटात गहू-कापूस उभा राहिला. पण हनुमानगडच्या बाजूला जमिनीखाली पाणी न झिरपणारा थर होता, पाणी साचत वर आले आणि काही गावांची शेते पाणथळ व खारी झाली. याचाही हिशेब मांडता येतो. पाटाने दिलेल्या उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाणी लागले असे समजा. म्हणजे एकरी सुमारे ऐंशी लाख लिटर. नदीच्या गोड पाण्यातही क्षार असतातच. लिटरला फक्त ०.३ ग्रॅम धरले तरी एकरी चोवीस क्विंटल क्षार दरवर्षी आपण आपल्या हाताने शेतात ओततो. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर आकडा याच्या तिप्पट होतो. पीक पाणी पिऊन टाकते, क्षार मागे राहतात. पावसाने ते खाली धुतले जावेत अशी अपेक्षा असते, पण खाली निचऱ्याला वाट नसेल तर भूजल वर चढते, आणि ते पृष्ठभागापासून दीड-दोन मीटरवर आले की काळी माती दिव्याच्या वातीसारखे ते वर ओढते. पाणी उडून जाते आणि वरंब्यावर ते पीठ उरते.

ठिबक सिंचन हे नेगेवमधील हत्झेरीम या वस्तीत १९६५ पासून व्यवसाय म्हणून उभे राहिलेले तंत्र इथे उपयोगी पडते ते पाणी वाचते एवढ्यासाठीच नव्हे, तर पाणी निम्मे दिले की क्षारही निम्मेच येतात म्हणून. मात्र वाळवंटातील ठिबकचा अनुभव असाही आहे की ओल्या गोळ्याच्या कडेला क्षार गोळा होत राहतात आणि ते अधूनमधून धुवावे लागतात. आपल्याकडे हे काम पाऊस फुकट करतो, निचरा असेल तर. जमीन चोपण झाली असेल, म्हणजे मातीच्या कणांना सोडियम चिकटून ती पावसात चिखल आणि उन्हात दगड होत असेल, तर आधी जिप्समने तो सोडियम सुटा करावा लागतो. नुसते धुऊन भागत नाही. खारी माती आणि चोपण माती यांतला हा फरक मातीची तपासणी केल्याखेरीज कळत नाही. मामांनी पहिली दोन वर्षे जिप्समवर पैसे घातले ते याच गोंधळात. रान नुसते खारे होते, चोपण नव्हते.

जमिनीखाली सव्वा-दीड मीटरवर सच्छिद्र पाईप टाकून खारे पाणी ओढ्याला काढण्याची पद्धत कर्नालच्या मृदा क्षारता संस्थेने हरियाणात मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवली आहे. तिची अडचण तांत्रिक कमी आणि भावकीची जास्त. एकट्याच्या रानातून पाईप काढला तर तो ओढ्यापर्यंत न्यायला शेजाऱ्याचे रान लागते, आणि शेजाऱ्याने तसे केले नाही तर त्याच्या रानातले पाणी आपल्या पाईपात येत राहते. खालच्या अंगाला नदीतून पाणी उचलणाऱ्या गावांना तेच क्षार पोहोचतात, हा प्रश्न शिल्लक राहतो तो वेगळाच. मामा आणि चार चुलतभावांना एकत्र यायला तीन वर्षे लागली. गेल्या वर्षी उन्हाळ्यात चर खणले, पाईप टाकले, वर रान सपाट करून हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरला. जुलैत पहिला मोठा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही ओढ्याच्या कडेला गेलो. पाईपाच्या तोंडातून मनगटाएवढी धार पडत होती. मामांनी ओंजळ धरली, घोटभर तोंडात घेतले आणि लगेच थुंकले. “खारट हाय,” ते म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी हसले.